थ्रॉटल बॉडी मोठी केल्यानं गाडीची ताकद वाढते का?

मोठी थ्रॉटल बॉडी बसवून घेतलेल्या माणसाला विचारा, तो सांगेल की गाडीचा पिकअप सुधारला, पाय ठेवला की गाडी लगेच उचलते. तीच गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजणाऱ्या यंत्रावर चढवली, तर पूर्ण रेसमध्ये मोजलेली ताकद बहुतेक वेळा आधी होती जवळपास तेवढीच निघते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. एकाच पार्टमुळे गाडी चपळ वाटते आणि तरीही ताकद वाढत नाही, हे कसं, एवढं समजलं की खर्च करायचा की नाही हे तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.

आधी थ्रॉटल बॉडी करते काय ते पाहू. पेट्रोल इंजिनात आपण पायाने पेट्रोल सोडत नाही, हवा सोडतो. एअर फिल्टरमधून आलेला पाइप आणि इंजिनाचा इनटेक मॅनिफोल्ड (हवा सिलिंडरांना वाटून देणारा भाग) यांच्यामध्ये ॲल्युमिनियमची एक नळी असते. तिच्यात आडव्या दांडीवर फिरणारी पितळेची किंवा ॲल्युमिनियमची गोल चकती बसवलेली असते. पाय उचललेला असताना चकती नळी जवळजवळ बंद करते, पूर्ण दाबला की ती हवेच्या दिशेने उभी राहते. जेवढी हवा आत जाईल तिच्या हिशेबानं इसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा कंप्युटर, इंजेक्टरमधून पेट्रोल सोडतो. वजनानं साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल. म्हणजे इंजिनाची ताकद ठरते ती आत गेलेल्या हवेच्या वजनावर. डिझेलची गोष्ट वेगळी. तिथे ताकद इंधनाच्या मापावर ठरते. काही डिझेल गाड्यांत अशी चकती असते, पण तिची कामं दुसरीच असतात, त्यामुळे डिझेलवाल्यांनी या अपग्रेडच्या वाटेला जाण्याचं कारण नाही.

आयडलिंगला, म्हणजे पाय उचललेला आणि गाडी जागेवर चालू असताना, इंजिन बंद दारावर जोर लावून श्वास घेत असतं. बाहेर समुद्रसपाटीला हवेचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल, आणि मॅनिफोल्डच्या आत ३०-४०. फरक एवढा मोठा असल्यामुळे चकतीच्या कडेच्या बारीक फटीतून हवा आवाजाच्या वेगाला पोहोचते. फिल्टरचा पाइप काढून कान जवळ नेला तर येणारा सूऽऽ आवाज या फटीचा असतो. इथे फट केसाएवढी वाढली तरी इंजिनाचे आरपीएम चढतात, आणि पुढे येणाऱ्या बऱ्याच भानगडींचं मूळ या नाजूकपणात आहे.

चकती फिरते तशी वाट किती उघडते? इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. अर्धी फिरली म्हणजे अर्धी वाट मोकळी, असं होत नाही. चकती शून्य अंशावर पूर्ण बंद आहे असं धरलं, तर २० अंश फिरल्यावर वाट फक्त ६ टक्के उघडलेली असते. ३० अंशांवर सुमारे १३ टक्के, ४५ वर २९ टक्के, आणि ६० अंश फिरल्यावर कुठे अर्धी. रोजच्या चालवण्यात आपण बराचसा वेळ पहिल्या २०-३० अंशांतच असतो.

आता ६० मिमीची बॉडी काढून ६५ मिमीची बसवली असं समजू. क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गानं वाढतं, त्यामुळे ५ मिमीनं वाट १७ टक्के रुंद झाली. पेडल जुन्याइतकंच दाबलं, चकती जुन्याइतकीच फिरली, तरी हवा आता १७ टक्के जास्त वाटेनं आत येते. सिग्नलवरून निघताना, गर्दीत पुढे सरकताना हा फरक पायाला लगेच कळतो. पिकअप वाढला असं म्हणणारा माणूस खोटं बोलत नाही. पण जुनीच चकती २० ऐवजी साधारण पावणेबावीस अंश फिरवली असती, तरी नेमकी तेवढीच वाट मिळाली असती. पेडल जरासं जास्त दाबण्याचा तो फरक होता. इंजिन काही नवं करायला शिकलेलं नाही, त्याच्याकडे जे होतं ते पेडल थोडं कमी दाबूनही मिळू लागलं, एवढंच.

पेडलच्या वायरमध्ये लावायचे जे छोटे डबे मिळतात, तेही हेच करतात. पेडल ३० टक्के दाबलं की इसीयूला ५० टक्के सांगतात. पेडल पूर्ण दाबल्यावर मात्र डबा असो-नसो, गाडी तीच. पेडल हलकं हवं असेल तर हा मार्ग आहे, आणि तो स्वस्तही आहे. फक्त त्याला ताकद म्हणू नये.

खरी परीक्षा पूर्ण उघड्या चकतीची. तिथे ती किती आड येते, हे गणितानं काढता येतं, आणि हे गणित मला मनापासून आवडतं, कारण ते दोन मिनिटांत बरेच वाद मिटवतं. फोर-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेएवढी हवा ओढतं. १.२ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला ३६०० लिटर, म्हणजे सेकंदाला ६० लिटर ओढेल. सिलिंडर कधी पूर्ण भरत नाहीत, म्हणून ८५ टक्के धरू: ५१ लिटर. ही हवा ४५ मिमीच्या नळीतून जाताना तिचा वेग सेकंदाला साधारण ३२ मीटर होतो. एवढ्या वेगाला हवा नेण्यासाठी लागणारा दाब सुमारे ०.६ किलोपास्कल. तो सगळाच वाया गेला असं मानलं तरी १०१ पैकी ०.६, म्हणजे अर्ध्या टक्क्याच्या आसपास. नळी ५० मिमीची केली तर तोटा ०.४ वर येतो. मिळकत ०.२ टक्के. १०० अश्वशक्तीच्या इंजिनात पाव अश्वशक्तीसुद्धा नाही. प्रत्यक्षात हवा धक्क्याधक्क्यानं येते, चकती आणि दांडी वाट थोडी अडवतात, म्हणून आकडा दुप्पट धरला तरी चित्र बदलत नाही.

आता मोठं, जास्त फिरणारं इंजिन घेऊ. २ लिटर, ७००० आरपीएम, सिलिंडर ९० टक्के भरतात, आणि बॉडी ५० मिमीची. सेकंदाला १०५ लिटर हवा, वेग ५३ मीटरवर, तोटा सुमारे १.७ किलोपास्कल. इथे ६० मिमीची बॉडी बसवली की तोटा अर्ध्यावर येतो आणि जवळपास एक टक्का ताकद मिळते, तीसुद्धा वरच्या आरपीएमला. वेग दुप्पट झाला की तोटा चौपट होतो, हे इथलं मर्म. म्हणून या अपग्रेडचा फायदा इंजिनाचा आकार, त्याचं फिरणं आणि भरणं या तिन्हींवर मिळून ठरतो.

अरुंद वाट खरोखर गळा आवळते तेव्हा काय होतं, हे पाहायचं तर फॉर्म्युला स्टुडंट स्पर्धेतल्या गाड्या पाहाव्यात. विद्यार्थी ७१० सीसीपर्यंतचं इंजिन वापरू शकतात, पण पेट्रोल गाडीच्या सगळ्या हवेला २० मिमी व्यासाच्या एका छिद्रातून जावं लागतं. ६०० सीसीचं मोटरसायकलचं इंजिन १२००० आरपीएमला सेकंदाला ६० लिटरच्या घरात हवा मागतं, वरच्या १.२ लिटर इंजिनाची कागदावरची मागणी तेवढीच होती. ६० लिटर हवेचं वजन साधारण ७२ ग्रॅम. २० मिमीच्या छिद्रातून, हवा आवाजाच्या वेगाला पोहोचली तरी, सेकंदाला जास्तीत जास्त ७५ ग्रॅमच्या आसपास हवा जाऊ शकते. त्यापुढे इंजिन कितीही फिरवा, हवा वाढत नाही. तोच हिशेब ४५ मिमीच्या बॉडीला लावला तर मर्यादा ३८० ग्रॅमच्या पुढे जाते, आणि १.२ लिटरच्या इंजिनाला प्रत्यक्षात लागतात ६० ग्रॅमच्या आसपास. कंपनीनं दिलेली बॉडी बहुतेक वेळा इतकी सढळ असते. अमेरिकेतल्या नासकार या मोटार शर्यतींच्या संस्थेनंही याच तत्त्वावर १९८८ पासून २०१९ च्या डेटोना ५०० शर्यतीपर्यंत डेटोना आणि टॅलाडेगाच्या वेगवान ट्रॅकवर गाड्यांना भोकं पाडलेली पट्टी लावून लगाम घातला होता.

मग मोठी बॉडी कुणाला लागते? ज्यानं इंजिनाची भूक वाढवली आहे त्याला. कॅमशाफ्ट बदलले, हेडचे पोर्ट मोकळे केले, सिलिंडर बोअर करून सीसी वाढवली, रेव्ह लिमिट वर नेली, की जी बॉडी काल पुरत होती ती आज कमी पडू शकते. सुपरचार्जर (इंजिनाच्या जोरावर फिरून हवा दाबून भरणारा पंप) लावलेल्या आणि चकती त्याच्या आधी असलेल्या इंजिनात तर ही गोष्ट फार महत्त्वाची होते, कारण चकतीपाशी गमावलेला दाब सुपरचार्जर त्याच पटीत वाढवून पुढे देतो. टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरणारा तसाच पंप. टर्बो गाडीत चकती सहसा त्याच्या पुढे, दाबाखालच्या हवेत असते. तिथे थोडा दाब गमावला तर टर्बो तो भरून काढतो, म्हणून साध्या टर्बो गाडीत निव्वळ बॉडी बदलून फारसं हाती लागत नाही.

हवेच्या वाटेत फिल्टर, पाइप, हवामापक सेन्सर, थ्रॉटल, मॅनिफोल्ड, पोर्ट, व्हॉल्व्ह आणि शेवटी सायलेन्सर असे कितीतरी टप्पे आहेत. पाण्याच्या लांब पाइपलाइनीतला एकच जॉइंट मोठा केला तर पाणी वाढेल का, हे बाकीची लाइन किती बारीक आहे त्यावर ठरतं, इथेही तसंच. साध्या रस्त्यावरच्या गाडीत सगळ्यात अरुंद जागा सहसा व्हॉल्व्हपाशी असते.

तुमच्या गाडीत अडथळा आहे का, हे मोजता येतं. ज्या गाडीत मॅनिफोल्डचा दाब मोजणारा मॅप सेन्सर आहे, तिला ओबीडी रीडर (गाडीच्या सेन्सरांचे आकडे दाखवणारं यंत्र) जोडा. इंजिन बंद, चावी फक्त ऑन, असं असताना दाब वाचा. तो त्या दिवसाचा, त्या जागेचा बाहेरचा दाब. उंचावर दर १०० मीटरला तो साधारण १.२ किलोपास्कलनं कमी होतो, म्हणून आकडा १०१ नसला तर बिचकू नका. मग डायनोवर किंवा बंद ट्रॅकवर पेडल तळापर्यंत दाबून रेडलाइनजवळचा दाब नोंदवा. दोन आकड्यांत दोन-तीन किलोपास्कलचा फरक असेल, तर थ्रॉटल बॉडीत काढण्यासारखं काही उरलेलं नाही. पाच-सहा किंवा जास्त असेल, तर वाटेत काहीतरी अडतं आहे, पण ते थ्रॉटलच असेल असं नाही. फिल्टर आणि थ्रॉटल यांच्या मधल्या पाइपवर गेज लावून हीच चाचणी पुन्हा करा. दाब तिथेच पडलेला दिसला तर दोष फिल्टरचा किंवा पाइपचा. तिथे दाब चांगला आणि मॅनिफोल्डमध्ये पडलेला, तरच थ्रॉटल बॉडीकडे बोट दाखवता येतं. टर्बो गाडीत बूस्टमुळे (टर्बोनं वाढवलेल्या दाबामुळे) ही तुलना अशी सरळ लागत नाही.

ही चाचणी करण्याआधी एक गोष्ट पाहा. केबलवाल्या, म्हणजे पेडल आणि चकती केबलनं जोडलेल्या गाडीत एका माणसाला पेडल तळापर्यंत दाबायला सांगा, इंजिन बंद ठेवून, आणि पाइप काढून चकती नीट उभी राहते का ते बघा. केबल ढिली झाली असेल किंवा पेडलखाली मॅट जाड असेल, तर चकती पूर्ण उघडतच नाही. दुरुस्ती पान्याची आणि पाच मिनिटांची. चकतीशेजारी आतली भिंतही दिसेल: चकती जिथे टेकते त्या रेषेवर काळा चिकट थर. क्रँककेसमधून परत ओढल्या जाणाऱ्या तेलकट वाफांनी तो बसतो. आयडलिंगची बारीक फट त्यानं बुजते, आरपीएम वरखाली होतात, पाय ठेवताना पेडल पहिल्यांदा अडकल्यासारखं लागतं आणि मग गाडी झटका देते. थ्रॉटल बॉडीसाठी मिळणारा क्लीनर मऊ कापडावर मारून हा थर पुसायचा. काही बॉडींत आत कारखान्यातूनच दिलेला गडद लेप असतो, तो मळ समजून घासून काढू नका. इलेक्ट्रॉनिक बॉडीची चकती बोटानं ढकलू नका, आतले प्लॅस्टिकचे गिअर दुखावतात. कित्येक गाड्यांचा हरवलेला पिकअप एवढ्यावर परत येतो.

चाचणीनं थ्रॉटलच दोषी ठरवलं आणि मोठी बॉडी घ्यायची ठरली, तर पुढचा प्रश्न इसीयूचा. हवा थेट मोजणारा सेन्सर असलेली गाडी किंवा मॅनिफोल्डच्या दाबावरून हवेचा अंदाज घेणारी गाडी पूर्ण रेसमध्ये वाढलेली हवा ओळखते आणि पेट्रोल त्या हिशेबानं देते. पण निव्वळ चकतीचा कोन आणि आरपीएम पाहून पेट्रोल ठरवणारी यंत्रणा असेल, जी रेसिंगच्या गाड्यांत आढळते, तर पूर्ण नकाशा नव्यानं ट्यून करावाच लागतो; नाहीतर प्रत्येक कोनाला हवा जास्त आणि पेट्रोल जुनंच, आणि मिश्रण पातळ.

इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलच्या गाड्यांत गुंता आणखी वाढतो. तिथे पेडल आणि चकती यांच्यात केबल नाही. पेडल टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) मागतं, इसीयू तो टॉर्क देण्यासाठी किती हवा लागेल ते काढतो आणि मोटरनं चकती फिरवतो. किती अंशाला किती हवा येते याचा तक्ता त्याच्याकडे जुन्या व्यासाचा असतो. व्यास बदलला की त्याच्या हिशेबात आणि प्रत्यक्षात मेळ बसत नाही. थोडा फरक तो शिकून घेतो. जास्त असेल तर चेक इंजिनचा दिवा लागतो: आयडल ठरल्यापेक्षा जास्त असल्याचा पी०५०७, हवेचा आकडा आणि थ्रॉटलचा कोन जुळत नसल्याचा पी००६८, थ्रॉटलच्या दोन सेन्सरांची एकमेकांत जुळणी नसल्याचा पी२१३५. शेवटचा कोड आला की बऱ्याच गाड्या ताकद मुद्दाम कापतात आणि कशाबशा गॅरेजपर्यंत जातील एवढंच चालू देतात. म्हणून इलेक्ट्रॉनिक बॉडी बदलायची तर ट्यूनिंग करणारा माणूस आधी शोधा, पार्ट नंतर.

मोठी बॉडी लावली की खालच्या आरपीएमचा टॉर्क जातो, असं बरेचदा ऐकू येतं. एकच बॉडी आणि तिच्यामागे मोठी पोकळी असलेल्या मॅनिफोल्डमध्ये हे पटण्यासारखं नाही. खालचा टॉर्क मॅनिफोल्डच्या लांब नळ्यांमधल्या हवेच्या वेगावर आणि व्हॉल्व्हच्या वेळांवर ठरतो, आणि त्या नळ्या तुम्ही बदललेल्या नाहीत. जातं ते नियंत्रण. पेडलच्या पहिल्या पाव भागातच बरीचशी हवा आत येते, ओल्या रस्त्यावर किंवा गर्दीत गाडी धक्के देत चालते. आणखी एक नुकसान न दिसणारं: बॉडी ६५ ची आणि मॅनिफोल्डचं तोंड ६० चंच असेल, तर मध्ये पायरी तयार होते आणि कमावलेलं तिथेच गमावलं जातं. मॅनिफोल्डचं तोंड आणि गॅस्केट दोन्ही त्या मापाला जुळवून घ्यावं लागतं.

जुनीच बॉडी लेथवर बोअर करून मोठी चकती बसवणं हा स्वस्त मार्ग. इथे मी फार काटेकोर राहायला सांगेन. चकती दिसते गोल, पण बंद असताना ती नळीत किंचित तिरकी टेकते, त्यामुळे ती अगदी जराशी लंबगोल असते आणि तिच्या कडा तिरप्या कापलेल्या असतात. सरळ गोल चकती कापून बसवली तर ती नळीत रुतून बसू शकते. चकती उघडी अडकली तर पाय उचलल्यावरही इंजिन रेस सोडत नाही, आणि यापेक्षा धोकादायक बिघाड थोडेच असतील. दुसरी गोष्ट चकतीचे दोन स्क्रू. कारखान्यात त्यांची मागची टोकं ठोकून पसरवलेली असतात, सुटू नयेत म्हणून. पुन्हा बसवताना नवे स्क्रू, थ्रेडलॉक, आणि टोकं पुन्हा पसरवणं यात कुचराई नको. सुटलेला स्क्रू सरळ सिलिंडरमध्ये जातो. बोअर केल्यावर भिंत किती जाड उरते आणि व्हॅक्यूमच्या, आयडल व्हॉल्व्हच्या वाटा उघड्या पडत नाहीत ना, तेही आधी मोजायचं. बॉडीखालून जाणारी गरम कूलंटची नळी काढून टाकली तर ताकद वाढते म्हणतात. ती चकतीवर बर्फ धरू नये म्हणून असते, आणि तिनं हवा मोजण्याइतकी क्वचितच तापते. राहू द्या.

प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र थ्रॉटल ही या विषयाची सगळ्यात देखणी बाजू. ई४६ पिढीच्या बीएमडब्ल्यू एम३ च्या सहा सिलिंडर इंजिनात, निस्सान स्कायलाइन जीटी-आरच्या आरबी२६ मध्ये आणि टोयोटाच्या २० व्हॉल्व्हच्या ४ए-जीई मध्ये कंपनीनंच तसे दिले होते. चकती व्हॉल्व्हच्या इतकी जवळ असते की पाय हलला की लगेच इंजिन उत्तर देतं, कारण मधली मोठी पोकळी भरण्याची वाट पाहावी लागत नाही. पण इथे थ्रॉटलची नळी म्हणजेच इनटेकची नळी, त्यामुळे व्यास वाढवला तर खालचा टॉर्क खरोखर जातो. सगळ्या चकत्या एकसारख्या उघडतील असं जुळवत राहावं लागतं, तेही वारंवार.

उलट टोकाला बीएमडब्ल्यूची २००१ मध्ये आलेली व्हॉल्व्हट्रॉनिक यंत्रणा. तिच्यात हवेचं माप इनटेक व्हॉल्व्ह किती उचलायचा यावरून ठरतं आणि थ्रॉटलची चकती एरवी बहुतेक वेळ उघडीच असते. अशा इंजिनात मोठ्या बॉडीनं पेडलची चपळाईसुद्धा येत नाही.

बसवून झाल्यावर केबलवाल्या गाडीत पोझिशन सेन्सरचा व्होल्टेज तपासा. बंद चकतीला साधारण ०.५ आणि पूर्ण उघडीला ४.५ व्होल्टच्या आसपास, नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये मिळेल. इंजिन बंद असताना पेडल दहा-वीस वेळा दाबून सोडा आणि चकती दर वेळी स्प्रिंगच्या जोरावर टक्कन बंद होते का ते ऐका. गॅस्केटभोवती हवा गळत नाही ना ते बघा. इसीयूला आयडल पुन्हा शिकू द्या. प्रत्येक गाडीची त्याची पद्धत वेगळी असते. प्रदूषण चाचणीचे आणि विम्याचे नियम बदल करण्याआधीच वाचलेले बरे. मग डायनोवर पूर्ण रेसचा दाब पुन्हा नोंदवा, त्याच गिअरमध्ये, त्याच आरपीएमला. आधीचा आकडा आणि आत्ताचा, दोन्ही बाहेरच्या दाबातून वजा करा. तोटा जेवढ्या किलोपास्कलनं कमी झाला, तेवढ्याच टक्क्यांच्या आसपास ताकद वाढलेली सापडेल.